स्वतः वसवलेल्या गावात राहिलेला बिल्डर : जेम्स राऊस

तळ्याकाठी

बिल्डर या जमातीबद्दल इथे वेगळं काही सांगायची गरज नाही. निम्म्या सभासदांचं पझेशन अडकलंय आणि उरलेल्यांचं कन्व्हेयन्स (म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं). तरीही आज एका बिल्डरबद्दलच लिहितेय, कारण मी राहते ते अख्खं गाव त्याने वसवलंय. गाव कोलंबिया, राज्य मेरीलँड, बाल्टिमोर आणि वॉशिंग्टनच्या मधोमध. वस्ती आता लाखाच्या घरात. बिल्डरचं नाव जेम्स राऊस, इथे सगळे 'जिम राऊस' म्हणतात.

जन्म २६ एप्रिल १९१४, मेरीलँडमधल्याच ईस्टन या छोट्या गावी. वडील डबाबंद खाद्यपदार्थांचे दलाल, घरचं बरं चाललेलं. १९३० मध्ये आई गेली, त्याच वर्षी वडीलही गेले आणि राहतं घर बँकेने तारणापोटी ताब्यात घेतलं. पोरगा सोळा वर्षांचा. नौदलातल्या मेव्हण्याच्या आधाराने एक वर्ष हवाईला शिकला, मग व्हर्जिनिया. शेवटी बाल्टिमोरला दिवसा गॅरेजमध्ये लोकांच्या गाड्या पार्क करायच्या आणि रात्री कायद्याचे वर्ग, असं करत १९३७ मध्ये वकील झाला. वकिली मात्र केली नाही. १९३९ मध्ये हंटर मॉस नावाच्या भागीदाराबरोबर त्याने धंदा काढला तो गृहकर्जाचा! ज्याचं घर कर्जापायी गेलं तो माणूस कर्ज द्यायला बसला. याचा अर्थ ज्याने त्याने लावावा. माझ्या मते त्याला घर जाणं आणि घर मिळणं या दोन्हीमागचा हिशेब लवकर कळला होता, आणि पुढची पन्नास वर्षं तो त्याच हिशेबाशी खेळत राहिला.

युद्धानंतर दोन गोष्टी समांतर सुरू झाल्या. एकीकडे धंदा वाढला, मॉल आले. १९५८ मध्ये ग्लेन बर्नीला त्याने बांधलेला हॅरंडेल मॉल हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या पहिल्या बंदिस्त, वातानुकूलित मॉलपैकी एक. दुसरीकडे, पगार न घेता तो बाल्टिमोरच्या झोपडपट्टीवजा वस्त्यांच्या मागे लागला. उंदीर, परसातले संडास, गळकी छपरं. आरोग्य, अग्निशमन, इमारत अशा वेगवेगळ्या खात्यांचे नियम एकाच वेळी लावून घरमालकांकडून दुरुस्त्या करून घ्यायच्या, अशी ती 'बाल्टिमोर प्लॅन' नावाची मोहीम. पालिकेच्या सल्लागार मंडळाचा तो अध्यक्ष होता. या कामासाठी स्वतंत्र यंत्रणा हवी हे त्याचं म्हणणं पालिकेने मानलं नाही, तेव्हा १९५३ मध्ये राजीनामा देऊन मोकळा झाला. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या गृहनिर्माण समितीवर गेला.

आता कोलंबिया. १९६२-६३ मध्ये हॉवर्ड काउंटी (आमचा जिल्हा) म्हणजे शेतं, गोठे आणि छत्तीस-सदतीस हजार माणसं. अचानक जमिनी विकल्या जायला लागल्या. घेणारे कोण, तर सीडर फार्म्स, पोटोमॅक इस्टेट्स, सेरेनिटी एकर्स. एका कंपनीचं नाव तर चक्क अलास्का आयर्न माइन्स. गावात अफवांना ऊत आला. कुणी म्हणे फोक्सवॅगनचा कारखाना येतोय, कुणी म्हणे गुप्त प्रयोगशाळा, कुणी म्हणे शहरांच्या कचऱ्याचा अवाढव्य खतखड्डा. २९ ऑक्टोबर १९६३ ला राऊस काउंटीच्या आयुक्तांसमोर उभा राहिला आणि सांगितलं की या सगळ्या कंपन्या माझ्याच. सुमारे १४ हजार एकर, म्हणजे काउंटीचा दहावा हिस्सा, त्याच्या ताब्यात आला होता. गंमत म्हणजे आयुक्त वर्षभरापूर्वीच 'आमच्याकडे वाढ नको' म्हणून निवडून आलेले.

पैसा दिला कनेटिकट जनरल या विमा कंपनीने, २३५ लाख डॉलर. पहिल्या तळ्याला नाव मिळालं वाइल्ड लेक, ते त्या विमा कंपनीच्या प्रमुखाच्या आडनावावरून. सावकाराच्या नावाचं तळं मी तरी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

२१ जून १९६७ ला गाव खुलं झालं. आंतरवंशीय विवाहांवरची बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने उठवली ती त्याच्या नऊच दिवस आधी, १२ जूनला. घरविक्रीत वंशभेद करायला देशभर मनाई करणारा कायदा आला १९६८ मध्ये. म्हणजे राऊस काळ्या-गोऱ्या सगळ्यांना शेजारी-शेजारी घरं विकत होता तेव्हा तसं करणं त्याच्यावर बंधनकारक नव्हतं. धंद्याच्या दृष्टीने उलट धोक्याचंच होतं.

आणि हा माणूस त्या वाइल्ड लेकच्या काठी स्वतः राहायला आला. ९ एप्रिल १९९६ ला तिथेच, घरी, वारला.

बाकी प्रतिसादांत लिहिते.

चौकस

छान धागा, रुमाल टाकून ठेवतो.

पण ताई, एक खटकलं. तुम्ही फार कौतुकाने लिहिलंय, पण बनावट कंपन्यांच्या नावाने शेतकऱ्यांकडून जमीन घ्यायची आणि मग तिथे शहर उभारायचं, याला आपल्याकडे काय म्हणतात ते तुम्हालाही माहीत आहे. शेतकऱ्याला माहीत असतं की इथे शहर येतंय, तर त्याने त्या भावात दिली असती का?

तळ्याकाठी

चौकस, नसती दिली, आणि म्हणूनच सांगितलं नाही. सरासरी भाव एकरी दीड हजार डॉलरच्या आसपास पडला. सुरुवातीच्यांना कमी मिळाला, शेवटच्या टप्प्यात अडून बसलेल्यांना बराच जास्त. शेतीच्या जमिनीला तेव्हा तो वाईट नव्हता, शहराच्या जमिनीला मात्र काहीच नव्हता.

मी त्याला साधू म्हणत नाहीये. गुपित फुटलं असतं तर पहिल्या शंभर एकरांनंतर भाव चौपट झाला असता, विमा कंपनी मागे हटली असती आणि शेवटी नेहमीचंच झालं असतं, म्हणजे तीस वेगवेगळ्या बिल्डरांनी तीस तुकडे पाडून विकले असते. सक्तीने संपादन करायचा अधिकार खासगी माणसाला नाही. मग सलग जमीन मिळवायचा दुसरा रस्ता कोणता, ते सांगा.

उरणचा

सांगतो ना. सरकारने घ्यायची, तो दुसरा रस्ता. आणि त्याचं काय होतं ते आमच्याकडे येऊन बघा.

तुमचं कोलंबिया आणि आमची नवी मुंबई जवळपास एकाच वयाची. ती वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० ची. ठाणे-बेलापूर, पनवेल, उरण मिळून ९५ गावांची जमीन. इथे बनावट कंपनी नव्हती, सगळं राजपत्रात छापून उघड. भाव सरकारने ठरवला आणि तो घ्यायचाच. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. आमचे नेते दि. बा. पाटील यांच्या लढ्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं ठरलं, आणि ते भूखंड मिळवायला आमच्या पिढीने सिडको भवनाच्या पायऱ्या झिजवल्या.

त्यामुळे चौकस, हॉवर्ड काउंटीच्या शेतकऱ्याला निदान 'नाही विकत जा' म्हणता येत होतं. आमच्या आज्याला ते म्हणता येत नव्हतं. मला विचाराल तर मोठा फरक हा आहे, बाकी गुपित-बिपित नंतर.

चौकस

उरणचा, मुद्दा मान्य. तरी तिसरा रस्ता राहिलाच की. पुण्यात हडपसरला, मगरपट्ट्यात, मगर मंडळींनी शंभराहून जास्त शेतकरी कुटुंबांची सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली आणि जमीनमालकच कंपनीचे भागधारक झाले. जमीन दिली म्हणून हिस्सा मिळाला. राऊसला हे सुचलं नाही?

तळ्याकाठी

मगरपट्ट्यात सगळे एकाच पंचक्रोशीतले, बरेचसे एकमेकांच्या नात्यातले होते. बाहेरून आलेल्या बिल्डरवर १४ हजार एकरांच्या मालकांनी तसा विश्वास का ठेवावा? पण हो, कोलंबियात जमिनीचा वाढलेला भाव मूळ मालकांना मिळाला नाही, हे खरंच आहे. तो कुणाला मिळाला, हा प्रश्न मात्र जरा गुंतागुंतीचा आहे.

इथे कोलंबिया असोसिएशन नावाची ना-नफा संस्था आहे, १९६५ पासूनची, म्हणजे एकही घर उभं राहायच्या आधीची. प्रत्येक मिळकतीवर तिचा वार्षिक आकार बसतो आणि तो खरेदीखतातच जमिनीला चिकटलेला असतो. घर विकलं तरी सुटत नाही. तळी, पायवाटा, तरण तलाव, झाडी, हे सगळं त्या पैशातून. साडेतीन हजार एकरांहून जास्त मोकळी जागा त्या संस्थेच्या मालकीची आहे, तिथे उद्या कुणी टॉवर ठोकू शकत नाही. आपल्याकडचा 'गार्डन प्रपोज्ड' असलेला कोपरा तीन वर्षांनी 'फेज टू' होतो, तो प्रकार इथे खरेदीखतानेच बंद केलाय.

आणखी एक. सोयी लोक यायच्या *आधी* बांधायच्या, असा राऊसचा हट्ट. तळं आधी, घरं नंतर. त्यासाठी असोसिएशनने पुढच्या वर्षांच्या आकाराच्या भरवशावर कर्ज काढलं. गाव ठरल्या वेगाने वाढलं नाही, १९७३-७५ च्या मंदीत तर प्रकल्प बुडायच्या बेतात होता आणि विमा कंपनीने आणखी पैसा ओतून तो तारला. असोसिएशनच्या डोक्यावरचं कर्ज मात्र पुढे कित्येक वर्षं रहिवाशांनी फेडलं. आधी तळं मिळालं खरं, पण हप्ते चालूच.

मावशीबोले

मला यातलं जमिनीचं फार कळत नाही, पण मुलीकडे राहिले होते कोलंबियात, तर दोन गोष्टी सांगते. तिच्या घराला स्वतःची टपालपेटी नाही. आठ-दहा घरांच्या पेट्या एका ठिकाणी, गल्लीच्या तोंडाशी. मला आधी वाटलं कंजूषपणा. संध्याकाळी तिथेच सगळे भेटायचे, तेव्हा कळलं की मुद्दाम केलंय. कोणाचं बाळ, कोणाचा कुत्रा, कोणाचं ऑपरेशन, सगळ्या बातम्या पेटीपाशी.

दुसरं म्हणजे नातीला शाळेत सोडायला जाताना मोठा रस्ता ओलांडावाच लागला नाही. घरामागून पायवाट, ती रस्त्याच्या खालून बोगद्यातून पलीकडे. बोगद्यात पोरं मुद्दाम ओरडतात, आवाज घुमतो म्हणून. मीही ओरडून पाहिलं.

रस्त्यांची नावं मात्र काय ती! म्हणे कवितांमधून घेतलीत. मुलगी फोनवर पत्ता सांगताना स्पेलिंग तीनदा सांगते.

बाल्टिमोरवासी

धागा चांगला आहे पण एकतर्फी होतोय, म्हणून जरा विरजण घालतो. मी त्याच राऊसच्या बाल्टिमोरात राहतो.

एक : ज्या माणसाने उपनगरांत मॉल बांधून शहरातल्या बाजारपेठांचं गिऱ्हाईक पळवलं, त्यानेच पुढे शहरं वाचवणारा म्हणून टाळ्या घेतल्या. शहरांच्या मध्यात त्याने उभारलेले बाजार बघा : बोस्टनचं फॅन्युइल हॉल मार्केटप्लेस १९७६, आमचं हार्बरप्लेस १९८०, न्यूयॉर्कचं साउथ स्ट्रीट सीपोर्ट १९८३. १९८१ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकला. मग प्रत्येक महापौराला तसंच हवं झालं. टोलेडोचं पोर्टसाइड १९८४ ला उघडलं, १९९० ला बंद. फ्लिंट आणि रिचमंडचीही तीच गत. कारखाने बंद पडलेल्या गावात लोकांच्या खिशात पैसा नसताना फज (मिठाई) आणि टोप्यांची दुकानं कोण चालवणार?

दोन : सँडटाउन-विंचेस्टर. पश्चिम बाल्टिमोरमधले ७२ ब्लॉक. नव्वदच्या दशकात राऊसची एंटरप्राइझ ही संस्था आणि महापौर श्मोक यांनी ही वस्ती आमूलाग्र बदलायचं ठरवलं. शंभर दशलक्ष डॉलरहून जास्त खर्च झाला. शेकडो घरं झाली, चांगली झाली. पण नोकऱ्या आल्या नाहीत. २०१५ मध्ये पोलीस कोठडीत जखमी होऊन मेलेला फ्रेडी ग्रे त्याच वस्तीतला. टीव्हीवर शहर पेटलेलं सगळ्यांनी पाहिलं, त्या गल्ल्यांमागची ही गोष्ट कुणी सांगितली नाही.

घर बांधलं की माणूस उभा राहतो, हा बिल्डरचा भाबडेपणा. सुताराला सगळीकडे लाकूडच दिसतं.

तळ्याकाठी

बाल्टिमोरवासी, सँडटाउनबद्दल वाद नाही. फक्त 'नुसती घरंच बांधली' हे तितकंसं बरोबर नाही. शाळा, आरोग्य, रोजगार एकदम हाती घ्यायचे असाच तो आराखडा होता. घरांचा भाग जमला कारण तो त्यांना येत होता, बाकीचे भाग मागे पडले.

मॉलबद्दल तुमचं म्हणणं पटतं. फॅन्युइल हॉलच्या वेळी मात्र बँका त्याला हसत होत्या हेही लक्षात घ्या. सत्तरच्या दशकात शहराच्या मध्यात, पार्किंगशिवाय, मोठ्या दुकानाच्या आधाराशिवाय बाजार चालेल यावर कुणाचा विश्वास नव्हता. पहिली दोन-तीन चालली ती जागेमुळे. चूक पुढे नक्कल करणाऱ्यांची, आणि त्यात तो स्वतःही आला.

मला त्याच्या आयुष्याचा उत्तरार्ध जास्त भावतो. वॉशिंग्टनमधल्या एका छोट्या चर्चच्या काही बायका त्याच्याकडे आल्या. ॲडम्स मॉर्गन भागातल्या दोन पडक्या इमारती विकत घेऊन गरिबांसाठी चालवायच्या म्हणाल्या. नावं थाटाची, रिट्झ आणि मोझार्ट. आत नियमभंगाच्या शेकडो नोंदी, कचरा, तुंबलेली गटारं. हा म्हणाला, तुम्हाला यातलं काही येत नाही, या फंदात पडू नका. त्या गेल्या आणि बयाणा देऊनच परत आल्या! मग काय करतो, कर्जाची सोय करून दिली. चर्चच्या स्वयंसेवकांनी हजारो तास राबून नव्वदेक घरं राहण्याजोगी केली. त्यातून ज्युबिली हाउसिंग उभी राहिली.

१९७९ मध्ये तो कंपनीच्या प्रमुखपदावरून उतरला आणि १९८२ मध्ये बायको पॅटीबरोबर एंटरप्राइझ फाउंडेशन काढलं. कल्पना अशी की अशा चर्चच्या बायका, मोहल्ला समित्या, भाडेकरू संघ गावोगावी असतातच, त्यांना पैसा कुठून आणायचा आणि बांधकामाचा खर्च कसा कमी करायचा एवढंच शिकवायचं. त्यांच्या जागी स्वतः जाऊन बांधायचं नाही.

जमाखर्च

निवृत्त सीए आहे, त्यामुळे यात नाक खुपसतो. राऊसचं नाव आमच्या कामात वेगळ्याच कारणाने येतं. १९८६ मध्ये रेगन यांच्या काळात अमेरिकेचा करकायदा बदलला, त्यात कमी उत्पन्नगटाच्या भाड्याच्या घरांसाठी एक करसवलत घातली गेली. ती घालून घेण्यासाठी झटणाऱ्यांत राऊसची एंटरप्राइझ होती.

थोडक्यात काम कसं चालतं : केंद्र सरकार लोकसंख्येच्या प्रमाणात प्रत्येक राज्याला क्रेडिटचा (म्हणजे या करसवलतीचा) कोटा देतं. राज्याची गृहनिर्माण संस्था अर्ज मागवून प्रकल्प निवडते. ज्याला क्रेडिट मिळालं त्या बिल्डरकडे किंवा संस्थेकडे सहसा भरण्याइतका कर नसतोच, म्हणून तो ती क्रेडिट बँकेला नाहीतर विमा कंपनीला विकतो आणि बांधकामाला भांडवल उभं करतो. बँक दहा वर्षं ती रक्कम थेट भरायच्या करातून वजा करते. उत्पन्नातून नव्हे, करातूनच, हे महत्त्वाचं. बदल्यात निदान ४० टक्के घरं त्या भागाच्या मध्यम उत्पन्नाच्या ६० टक्क्यांपर्यंत कमावणाऱ्यांना ठरलेल्या मर्यादेतल्या भाड्याने द्यावी लागतात (किंवा २० टक्के घरं ५० टक्क्यांच्या आतल्यांना). पहिली पंधरा वर्षं नियम मोडला तर बँकेकडून क्रेडिट वसूल होतं. त्यामुळे होतं काय, की घरं नीट चालताहेत का यावर सरकारी निरीक्षकापेक्षा बँक जास्त बारीक लक्ष ठेवते. अमेरिकेत आज परवडणारी भाड्याची घरं मुख्यतः याच वाटेने बांधली जातात.

आपल्याकडे २०१६ मध्ये आयकर कायद्यात कलम ८०-आयबीए आलं होतं. त्यात सवलत बिल्डरच्या नफ्यावर आणि घरं मुख्यतः विक्रीची. विकली की संपलं. भाड्याचं घर तीस वर्षं परवडणारं *ठेवायचं* म्हणून कुणाचा तरी पैसा अडकवून ठेवायचा, हा धागा त्यात नाही.

चौकस

जमाखर्च काका, +१. हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका, इथे दबून जाईल.

बाल्टिमोरवासी, हार्बरप्लेसचं पुढे काय झालं?

बाल्टिमोरवासी

ओस पडलं. मालक बदलले, २०१९ मध्ये न्यायालयाने ताबेदार (रिसीव्हर) नेमला, मग स्थानिक बिल्डरने घेतलं. २०२४ च्या नोव्हेंबरात मतदारांनी शहराच्या सनदेत बदल मंजूर केला आणि तिथे रहिवासी टॉवर बांधायची वाट मोकळी झाली. मी विरोधात मत दिलं. आवडतं म्हणून नव्हे, सार्वजनिक काठावर खासगी फ्लॅट नकोत म्हणून.

मावशीबोले

अवांतर : तो नट एडवर्ड नॉर्टन या राऊसचा नातू आहे म्हणे. मुलीने सांगितलं.

तळ्याकाठी

हो मावशी, मुलीकडून नातू, कोलंबियातच वाढला. आणि फ्रँक गेरी जगप्रसिद्ध व्हायच्या आधी त्याने राऊससाठी कंपनीचं मुख्य कार्यालय बांधलं होतं, तळ्याकाठीच. त्यात आता किराणा मिळतो.

उरणचा

शेवटचा प्रश्न. तुमच्या गावात आज तिथल्या शाळेच्या शिपायाला घर परवडतं का?

तळ्याकाठी

विकत? नाही. राऊस म्हणायचा की कंपनीचा अध्यक्ष आणि झाडूवाला दोघंही इथे राहिले पाहिजेत. सुरुवातीला चर्चसंस्थांनी मिळून अनुदानित ३०० घरं एका कोपऱ्यात न टाकता वेगवेगळ्या ठिकाणी बांधली. पुढे सरकारी पैसा आटला आणि गावाचं नाव झालं तसे भाव चढले. २००४ मध्ये राऊस कंपनीच जनरल ग्रोथला १२६० कोटी डॉलरना विकली गेली, जनरल ग्रोथने २००९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि गावाच्या मध्यभागाची उरलेली जमीन आता हॉवर्ड ह्यूज कंपनीकडे आहे. तिथे सध्या उंच इमारती उठताहेत. त्यात परवडणारी घरं किती असावीत यावर काउंटीच्या बैठकांत घसाफोड चालते. मी जाते कधीकधी. मागच्या रांगेत बसून ऐकायला मिळतं की आम्ही इथे राहायला आलो तेव्हाचं कोलंबिया राहिलं नाही, आणि बोलणारा बहुतेक वेळा नव्या घरांना विरोध करायला उभा असतो.

उरणचा

आमच्याकडे सेम. फक्त बैठक नसते.